साखळीतील नवा हात

शाळेच्या कबड्डी संघाविषयी लिहावे असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस सुचविले, तेव्हा प्रथम आठवले ते कार्यालयातील काचेचे कपाट. त्यातील ढाली आणि चषक माजी विद्यार्थ्यांनी पाहिलेले आहेत. त्यांची यादी देऊन पाने भरण्यात अर्थ नाही. वास्तविक आम्ही इतिहासाचे शिक्षक. क्रीडाशिक्षकाचे पद भरले जाईपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून संघ आमच्याकडे सोपविण्यात आला आणि ते तात्पुरतेपण एवढे लांबले की आता त्याचाही इतिहास लिहिता यावा. या काळात चढाई कशी करावी हे आम्ही मुलांना फारसे शिकविले नाही. ते त्यांना आमच्यापेक्षा चांगले येत होते. आमचे लक्ष लागून राहिले ते दुसऱ्याच गोष्टीकडे. दुसऱ्या शाळेतून नववीत किंवा अकरावीत आलेला मुलगा आधीच जमलेल्या सात जणांत कसा सामावतो, आणि कधी कधी का सामावत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. लिहावयाचे आहे ते त्याविषयी.

आपल्या जिल्ह्यात शाळा बदलणे ही अपवादाची गोष्ट नाही. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज या तालुक्यांतील वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि टोळी पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या वाटेला लागते. घरी म्हातारी माणसे असतील तर मूल मागे राहते; गावात हंगामी वसतिगृह सुरू झाले असेल तर तेथे जेवते. यांपैकी काहीच नसेल तर आईबापांबरोबर फडावर जाते, कोपीत राहते आणि उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला की परत येते. अशा मुलाचे आठवीपर्यंतचे शिक्षण तीन-चार ठिकाणी विखुरलेले असते. आपल्याकडे येताना त्याच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला असतो. त्यावर जन्मतारीख असते, जात असते, आणि वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ एवढा एक शब्द असतो. मागील शाळेत त्याच्याशी इतरांची वर्तणूक कशी होती, यासाठी दाखल्यावर रकाना नाही.

याउलट पाचवीपासून आपल्या वसतिगृहात राहिलेली मुले. ती एका पंगतीत हजारो वेळा जेवलेली असतात, एकमेकांच्या पेट्यांतील चिवडा कोणत्या कोपऱ्यात दडविलेला असतो हे त्यांना ठाऊक असते, आजारपणात एकमेकांच्या उशाशी बसलेली असतात. मैदानावर त्यांच्यात दिसणारा विश्वास बाहेरच्यास उपजत वाटतो. तो उपजत नाही; जेवणघरात आणि झोपण्याच्या खोलीत तो तयार झालेला असतो. नवा मुलगा खेळात कितीही तरबेज असला तरी ही सहा वर्षांची शिदोरी त्याच्याजवळ नसते.

कबड्डीत याचा हिशेब फार लवकर होतो. चढाई तीस सेकंदांची. बचाव करणारे हातात हात घालून साखळी धरतात. टोकाच्या गड्याने चढाई करणाऱ्याचा घोटा पकडावयाचा आणि त्याच क्षणी शेजाऱ्याने आत झेपावयाचे. पण आत झेपावणे म्हणजे स्वतः बाद होण्याचा धोका पत्करणे. कारण चढाई करणारा ओढाताणीत मध्यरेषेपर्यंत पोचला तर त्याला स्पर्श झालेले सर्वच बाद होतात. मग शेजारी अर्धा क्षण विचार करतो. तो अर्धा क्षण म्हणजे अविश्वास. प्रेक्षकांना तो दिसत नाही, घोटा धरून पडलेल्या गड्याला मात्र नेमका समजतो.

काही वर्षांपूर्वी नववीत एक मुलगा आला. मनगटे अशी की एकदा घोटा हातात आला की सुटणे नाही. उसाच्या मोळ्या उचलून ती तयार झालेली होती. त्याला उजव्या कोपऱ्यावर उभे केले. पण हा साखळीतला हात धरीत नसे. सांगितले की धरी, चढाई आली की सोडून देई आणि एकटाच झेप घेई. पहिल्या महिन्यात त्याच्या एकट्याच्या पकडींनी सर्वांना थक्क केले. दुसऱ्या महिन्यात जुनी मुले त्याला ‘माजला आहे’ म्हणू लागली आणि त्याने घोटा धरला तरी मदतीला जाईनाशी झाली. आम्ही विचारले तर म्हणाला, “सर, हाताला घाम येतो.” पुढे भेटीच्या दिवशी त्याची आई आली तेव्हा खरी गोष्ट कळली. फडाजवळच्या ज्या शाळेत तो काही महिने बसत होता तेथे हात धरून खेळावयाचा खेळ असला की मुले त्याच्या हाती काठीचे एक टोक देत आणि दुसरे टोक आपण धरीत. खेळातून त्याला कोणी काढले नव्हते. गुरुजींच्याही नजरेला त्यात काही वावगे दिसले नसावे, कारण मुलगा खेळत तर होता. त्या गावाचे वा शाळेचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही.

आईने हे सांगताना आवाज चढविला नाही. “त्याला सवय झालीया,” एवढेच ती म्हणाली.

येथे इतिहासाच्या शिक्षकाने थोडे आपल्या विषयाकडे वळण्याची मुभा घ्यावी. खेळात घेणे आणि हात धरणे यांतील हे अंतर फार जुने आहे, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातील. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते मैदानाची निगा राखण्याचे काम करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत. त्यांचा डावखुरा फिरकी मारा पाहून पुण्याच्या हिंदू क्लबाने, काहींचा विरोध असताना, त्यांना संघात घेतले. मैदानावर चेंडू एकच होता. तो बाळूंच्या हातून सर्वांच्या हातात जात होता. चहाच्या सुट्टीत मात्र इतर खेळाडू आत बसून पेल्यातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या, वापरून टाकून देण्याच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे ताटही वेगळे. पुढे ते मुंबईस गेले आणि तेथील हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांचा पराभव केला त्यात ते होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. जे कर्णधार झाले त्या म. दा. पै यांनीच, हा मान बाळूंचा होता, असे जाहीरपणे बोलून दाखविले.

आमच्या मते बाळूंना त्यांच्या संघाने चेंडू दिला आणि काठीचे दुसरे टोक आपण धरले. कौशल्यावर विश्वास होता, माणसावर नव्हता. आणि अशा अर्ध्या विश्वासावर माणूस किती वर्षे खेळू शकतो, हे पाहिले की मन थक्कही होते आणि विषण्णही.

परंतु पालवणकरांच्या कथेतील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग याच्या पुढचा आहे आणि आपल्या मुलांना तो सहसा सांगितला जात नाही. 1920 साली बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांचा कर्णधारपदाचा हक्क डावलण्यात आला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू लोकांपुढे उघड मांडली. वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली, तडजोड झाली, भाऊ संघात परतले. 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा त्यांच्या संघाने जिंकली. ज्यांना खेळाडूंच्या मनाच्या कणखरपणाचे उदाहरण हवे असते ते नेहमी बाळूंच्या सोसण्याचे देतात. आम्ही 1920 च्या त्या नकाराचे देतो. सोसणे ही कणखरपणाची एक बाजू झाली. कोठे थांबावयाचे हे ठरवून, परिणाम ठाऊक असताना, थांबणे ही दुसरी. पहिली बाजू आपल्या मुलांना शिकवावी लागत नाही. ती घेऊनच ती जन्मतात असे म्हणवत नाही, पण फडावरची थंडी तिची उजळणी घेते.

पालवणकरांचे नाव घेतले की आपल्यातील काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटते, हे आम्ही जाणतो. 1937 च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. ते त्यांचे राजकारण होते आणि त्याचा निकाल मतदारांनी त्याच वेळी लावला. त्यामुळे चहाच्या त्या मातीच्या भांड्याचा इतिहास पुसला जात नाही. मुलांना आम्ही दोन्ही गोष्टी सांगतो.

आता पुन्हा आमच्या उजव्या कोपऱ्याकडे. त्या मुलाविषयी संघाची बैठक घेऊन एकीवर भाषण करण्याचा मोह झाला नाही असे नाही. शिक्षकाला भाषणाचा मोह सुटत नाही. पण संघाच्या तेव्हाच्या कर्णधाराने, तो बारावीत होता, आमच्या आधीच एक गोष्ट केली. क्रीडासाहित्याच्या खोलीची किल्ली परंपरेने कर्णधाराच्या कमरेला असते. त्या खोलीत गुडघ्याच्या पट्ट्या, मलमाच्या नळ्या, हवा भरण्याचा पंप आणि संघाच्या वर्गणीचा डबा एवढा ऐवज असतो. त्याने ती किल्ली त्या नव्या मुलाकडे दिली. जुन्या मुलांनी कुरकुर केली. त्यांच्यातील एकाने, येऊन दोन महिने झाले नाहीत त्याच्याकडे डबा कसा, असे विचारलेही. कर्णधार म्हणाला, “डब्यात एकशेचाळीस रुपये आहेत. गेले तर मी भरीन.” पुढे महिन्याभराने पंप सापडेना तेव्हा सर्वांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. कर्णधाराने पहिल्यांदा स्वतःची पेटी उघडून दाखविली, मग ओळीने सर्वांच्या पेट्या उघडल्या, नव्या मुलाची पाळी आली तेव्हा ती ओळीतील अकरावी होती. पंप स्वयंपाकघराच्या मागे सापडला. आचाऱ्याने चुलीला हवा घालण्यासाठी नेला होता.

त्यानंतर तो हात धरू लागला. एका दिवसात नव्हे आणि प्रत्येक वेळी नव्हे. दिवाळीच्या सुट्टीनंतर केव्हा तरी आमच्या लक्षात आले की चढाई आली तरी त्याचा डावा हात शेजाऱ्याच्या हातात राहतो आहे आणि झेप घेण्याच्या क्षणीच सुटतो आहे, जसा सुटावयास हवा.

विनयपिटकातील उपालीची कथा आपल्या मुलांना पाठ असते. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात ती सांगितली आहे. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद आदी शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. कुमारांनीच भगवंतांना विनंती केली की आमच्या आधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. संघात ज्येष्ठता जन्माने नव्हे तर दीक्षेच्या क्रमाने मोजली जाते. ही कथा आम्ही वर्गात सांगतो तेव्हा जुनी मुले माना डोलावतात आणि त्याच संध्याकाळी न्हाणीघरापुढच्या रांगेत नव्याला ‘आम्ही आधी आलो’ म्हणून मागे ढकलतात. म्हणजे दीक्षेच्या क्रमाचा नियम लक्षात राहिला, तो नियम कोणी कशासाठी आपल्यावर लावून घेतला हे राहिले नाही. ज्यांच्याजवळ मान होता त्यांनी मागे उभे राहण्याची विनंती केली, हे त्या कथेचे मर्म आहे. कर्णधाराने किल्ली दिली तेव्हा त्याला उपाली आठवला होता का, हे आम्ही विचारले नाही.

मनाच्या बळाविषयी अलीकडे पालक आम्हांस पुष्कळ विचारतात. स्पर्धेच्या आधी मुले घाबरू नयेत म्हणून काय करता? आपल्याकडे सकाळच्या वंदनेनंतर आनापानाची बैठक असते. सामन्याच्या आधीही मुले दहा मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे पाहतात आणि त्याचा उपयोग होतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. परंतु ज्या मुलाला पराभवानंतर आपली जागा राहील की जाईल याची शाश्वती नाही, त्याचा श्वास दहा मिनिटांत स्थिर होत नाही.

जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी एका मुलाचा घोटा मुरगळला. हा दुसरा मुलगा. नुकताच अकरावीत आलेला. त्याने कोणाला सांगितले नाही. रात्री पायावर ओले फडके बांधून झोपला, सकाळी मोजे चढवून मैदानावर उतरला आणि दुसऱ्याच चढाईत कोसळला. आम्ही रागावण्याच्या बेतात होतो, पण तो आमच्या आधीच बोलला : “सर, खाडा धरू नका.”

खाडा हा शब्द आपल्या जिल्ह्यात समजावून सांगावा लागत नाही. पण पुण्या-मुंबईस स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी सांगतो. ऊसतोडीत आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे ज्या दिवशी कोयता चालत नाही तो दिवस म्हणजे खाडा; त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर मुकादम दंड उचलीत मिळवितो. त्यामुळे ताप असला तरी माणसे फडात उतरतात. हा मुलगा त्या हिशेबात वाढला होता. त्याच्या दृष्टीने घोटा मुरगळणे ही दुखापत नव्हती, ते कर्ज होते. संघात घेऊन आपण त्याला उचल दिली आहे आणि आता ती फेडून घेणार आहोत, असे तो धरून चालला होता. आणि आपण शिक्षक तरी ‘शाळेने तुमच्यासाठी एवढे केले, आता तुम्ही शाळेसाठी करून दाखवा’ असे प्रार्थनेच्या वेळी म्हणतोच की. ते वाक्य मुकादमाच्या वाक्याहून फार दूर नाही.

तेव्हापासून संघात एक रीत पडली आहे. सरावाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपले काय दुखते ते मोठ्याने सांगावयाचे. पहिल्यांदा जुन्यांनी, मग नव्यांनी. काही दुखत नसेल तर ‘काही नाही’ म्हणावयाचे. आरंभी मुले हसत. कोणी तरी ‘मन दुखतंय’ म्हणे. मग एके दिवशी एका मुलाने, गंमत न करता, वडिलांचा ट्रॅक्टर उलटल्याचे सांगितले आणि त्या दिवशी सराव झाला नाही. राखीव गडी पाच असतात, ते कशासाठी असतात हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागले नाही. कबड्डीच्या जुन्या प्रकारांत संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर बसे. आजचा खेळ संजीवनीचा वारसा सांगतो : साथीदाराने प्रतिस्पर्धी बाद केला की बाहेर बसलेला आपला गडी परत आत येतो, आणि ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने येतो. मध्येच कोणाला उडी मारता येत नाही. हा नियम आम्हांस या खेळातील सर्वांत सुंदर नियम वाटतो.

आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचे छायाचित्र मुलांनी संघाच्या खोलीत लावले आहे. कष्टकरी घरातील हा मुलगा बारावीनंतर सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये गेला, तेथे धावू लागला आणि 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण अवघ्या पाच-शतांश सेकंदाने हुकले. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णही मिळाले. मुले त्यांची वेळ तोंडपाठ म्हणतात. आम्ही त्यांना दुसरी गोष्ट सांगतो. मध्यंतरी विदेशी प्रशिक्षकाकडे काही काळ सराव केल्यानंतर साबळे सैन्यातील आपल्या जुन्या प्रशिक्षकाकडे, अमरीश कुमार यांच्याकडे, परत गेले. एकट्याने धावावयाच्या शर्यतीतही कोणाच्या शब्दावर पाय टाकावयाचा हा प्रश्न सुटत नाही.

मुलींच्या संघाविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि ते लिहिणे अधिक अवघड आहे. मुलांच्या संघात कोण नवे आले हा प्रश्न असतो. मुलींच्या संघात सुट्टीनंतर कोण परत आली नाही, हा. दहावीतील एक मुलगी, उत्तम चढाई करणारी, हीही दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या शाळेतून आलेली. उन्हाळ्यात तिचे लग्न ठरत असल्याचे तिने साखळीतील आपल्या दोघी शेजारणींना सांगितले आणि कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली. त्या दोघी रात्रभर जागल्या आणि सकाळी अधीक्षिका बाईंकडे गेल्या. पुढे 1098 वर कळविणे, घरच्यांना बोलाविणे, समजावणे, चिडणे, रडणे हे सर्व झाले. तिच्या आईने विचारले, “पोरीला सहा महिने एकटी कोणाच्या भरवशावर ठेवू?” त्या प्रश्नाला कायद्याच्या कलमात उत्तर नव्हते, संस्थेने सुट्टीतही मुलींना वसतिगृहात राहू देण्याचे ठरविले तेव्हा थोडेफार उत्तर मिळाले. लग्न थांबले.

पण त्या मुलीने दोघी मैत्रिणींशी बोलणे सोडले. तुम्ही शपथ मोडली, एवढेच ती म्हणे. संघात ती खेळत राहिली, त्यांच्याच शेजारी उभी राहून, हात धरून, एक शब्द न बोलता. विश्वास म्हणजे गुपित राखणे, असे तिचे म्हणणे. त्या दोघींचे म्हणणे, तू पडत असताना आम्ही आत झेपावलो, बाद व्हायचे ते झालो. आम्हांस त्या दोघींचे पटते. परंतु ज्या मुलीचा शब्द तिच्या घरी कोणी राखला नव्हता तिला तो येथेही राखला गेला नाही असे वाटले, तर तिला कृतघ्न म्हणण्याचा अधिकार आम्हां कोणासही नाही. ती बारावी झाली, आज परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. दोघींपैकी एकीशी ती आता बोलते. दुसरीशी अजून नाही.

यंदाही जूनच्या मध्यास शाळा उघडेल तेव्हा दाखले घेऊन नवी मुले-मुली दारात उभी राहतील. उजव्या कोपऱ्यावरील तो मुलगा आता माजलगावजवळच्या शाळेत शिक्षक आहे आणि मे महिन्यात आठ दिवस येऊन संघाचा सराव घेतो. साहित्याच्या खोलीची किल्ली दरवर्षी सर्वांत नव्या खेळाडूकडे द्यावयाची, हा नियम त्यानेच भिंतीवर लिहून ठेवला आहे. पंप मात्र नवीन घ्यावा लागणार आहे, आणि मैदानावरची माती पावसापूर्वी चाळून पुन्हा पसरावयाची आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना सवड असेल त्यांनी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सहा वाजता यावे. फावडी आणि चाळण्या शाळेत आहेत. घमेली कमी पडतात, ती शक्य तर घरून आणावीत. न्याहारीची व्यवस्था मुले करणार आहेत.